सात मिनिटांतला देश

पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कोल्हापूरच्या कुशीतून आलेली ही नदी तिथं आपलं नाव सोडते आणि पुढं नुसती कृष्णा वाहत राहते. संगमाजवळच कुरुंदवाड आहे. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर एक छोटी कार्टून फिल्म वारंवार लागायची. तिच्या शेवटच्या गाण्यात देशातल्या नद्यांची नावं येतात. गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा ही लांबची नावं झाली की कृष्णेचं नाव येतं. टीव्हीवरच्या हलत्या चित्रांत आपल्या गावाजवळचं काही पहिल्यांदा सापडलं, असं आमच्या भागातल्या पोरांना कधी वाटलं असेल, तर ते बहुधा याच क्षणी.

'एक अनेक और एकता' हे त्या फिल्मचं नाव. केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजननं ती १९७४ साली काढली. लांबी जेमतेम सात मिनिटं. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीला ती तोंडपाठ आहे, पण ती कुणी केली हे फारसं कुणाला ठाऊक नाही. लहान मुलांच्या पडद्यावर नाना वेशांची, नाना भाषांची माणसं एकत्र आणायचा आपल्याकडचा हा सर्वांत गाजलेला प्रयत्न. त्याचा माग काढत गेलं की दोन वाटा कोल्हापूर परिसरात येऊन थांबतात. एक चालीची, दुसरी शब्दांची.

चालीची वाट आधी घेऊ.

विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी एका साध्या प्रश्नाला हात घातला होता: शाळेत आणि दरबारच्या नोकरीत दिसतात ती माणसं सगळी ठरावीक जातींचीच का? २६ जुलै १९०२ च्या हुकमानं त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्याआधीच, १९०१ साली, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं होतं. मग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती अशा एकेका समाजासाठी वसतिगृहं निघत गेली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चं. खेड्यातून आलेल्या पोराला शहरात राहायला जागा आणि जेवायला ताट मिळालं तरच शाळेच्या पटावर त्याचं नाव टिकतं, हे महाराजांनी ओळखलं होतं. पटावर नाव असणं आणि ताटात वाटा असणं या दोन गोष्टी त्यांच्या लेखी वेगळ्या नव्हत्या. पुढच्या हकिगतीत हा मुद्दा पुन्हा लागणार आहे.

त्याच शहरात बाबूराव पेंटर वाढले. मूळचं आडनाव मेस्त्री. सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम घरातच. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव यांना सिनेमाचं वेड लागलं. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच तो घडवायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीचं काम पुरुषाला करावं लागलं होतं. बाबूरावांच्या १९२० च्या 'सैरंध्री'त बायकांची कामं बायकांनी केली. पडद्यावर कुणी यावं, हा वाद इथून सुरू होतो.

या कंपनीत तयार झालेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. त्यात दामले होते, कागलचे शेख फत्तेलाल होते, केशवराव धायबर होते, भांडवल घालणारे सीताराम कुलकर्णी होते आणि कोल्हापूरचेच शांताराम वणकुद्रे, म्हणजे व्ही. शांताराम, होते, ज्यांचे वडील जैन आणि आई हिंदू. दामलेमामा आणि साहेबमामा, म्हणजे फत्तेलाल, ही जोडी तर अशी की एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं ओघानंच येई. पुढं पुण्यात दोघांनी मिळून 'संत तुकाराम' केला आणि १९३७ साली व्हेनिसला त्याची वाखाणणी झाली. तुकोबांचं देहूचं घर पडद्यावर उभं करणारा कलादिग्दर्शक कागलचा मुसलमान होता, आणि त्याबद्दल कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

'प्रभात' निघाली तेव्हा सावंतवाडी संस्थानातल्या कुडाळजवळच्या सोनवडे गावचा एक सतरा वर्षांचा मुलगा तिथं दाखल झाला. वसंत देसाई. आधी पडेल ते काम केलं. 'खुनी खंजीर' या मूकपटात छोटी भूमिका केली, १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त गायला, आणि गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव अशा एकाहून एक मातब्बरांच्या हाताखाली पेटीशेजारी बसून शिकत राहिला. १९३३ मध्ये 'प्रभात' पुण्याला गेली, तोही गेला. १९४१ साली शांतारामबापूंनी 'शेजारी' काढला. हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या दोस्तीची ही गोष्ट. 'पडोसी' या तिच्या हिंदी आवृत्तीत मुसलमान मिर्झा गजानन जागीरदारांनी रंगवला आणि हिंदू ठाकूर मझहर खान यांनी. कुणाची भूमिका कुणी करावी याचं याहून नेमकं उत्तर भारतीय सिनेमानं क्वचितच दिलं असेल. फाळणीची हाक वाढत चाललेल्या दिवसांत हे उत्तर दिलं गेलं, हे ध्यानात ठेवायला हवं. वसंत देसाई या साऱ्या वातावरणात घडले.

पुढं शांतारामबापूंनी 'राजकमल' काढलं आणि देसाई स्वतंत्र संगीतकार झाले. 'अमर भूपाळी', 'श्यामची आई', 'झनक झनक पायल बाजे' ही नावं सर्वांना माहीत आहेत. मला इथं त्यांचं वेगळं काम दाखवायचं आहे. भारतातल्या शाळांत रोज सकाळी ज्या प्रार्थना म्हटल्या जातात, त्यांतल्या दोन फार प्रसिद्ध प्रार्थना देसाईंच्या चालीवरच्या: एक 'दो आँखें बारह हाथ'मधली, दुसरी 'गुड्डी'मधली. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात जगाच्या मैत्रीसाठी जे संस्कृत गीत गायल्या, त्याची चालही देसाईंचीच. अनेक जणांनी एकत्र म्हणावं, न शिकलेल्यालाही दुसऱ्या ओळीपासून साथ धरता यावी, अशी चाल बांधणं ही त्यांची खासियत. मुलांच्या चित्रफितीसाठी याहून योग्य माणूस मिळाला नसता.

शब्दांची वाट कुरुंदवाडहून निघते. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली तिथं जन्मले. लहानपणी शोभेच्या दारूनं डोळे अधू झाले म्हणून त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकायला पाठवलं. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पैसे देऊन, फळ्यासमोर बसून, कुठल्याही घरच्या मुलानं गाणं शिकावं, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. त्यांच्या शिष्यांत मिरजेचे विनायकबुवा पटवर्धन, आणि विनायकबुवांच्या शिष्यांत पंडित विनयचंद्र मौद्गल्य. मौद्गल्यांनी १९३९ मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. 'एक अनेक और एकता'चं शेवटचं गाणं त्यांचं. त्या गाण्यात कृष्णा का आली, याचं उत्तर मी देऊ शकत नाही. पण ज्या परंपरेतून ते लिहिलं गेलं ती कृष्णाकाठची, एवढं नक्की.

आता हलत्या चित्रांकडं वळू. फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' केली. काड्यापेटीतल्या काड्या एकेक चौकट हलवून नाचवल्या. पुण्याला गेल्यावर 'प्रभात'नं १९३४ साली 'जंबूकाका' नावाची कार्टून फिल्म केली. जंबूकाका म्हणजे कोल्होबा. काड्या, कोल्हे, माकडं असा तो सगळा संसार. मुलांना हसवायचं, एवढाच हेतू. त्यात माणसाचं पोर नव्हतं, मग कुठल्या गावचं, कुठल्या भाषेचं हा प्रश्नच येत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि १९५६ मध्ये तिथं कार्टून फिल्मचा विभाग उभा राहिला. शिकवायला डिस्नेच्या स्टुडिओत 'बॅम्बी'वर काम केलेले क्लेअर वीक्स आले. जातककथेवरची 'द बनियन डियर' १९५७ ची. राम मोहन, जी. के. गोखले ही मंडळी तिथं तयार झाली. काही वर्षांनी भीमसेन खुराना हा तरुण पार्श्वभूमीची चित्रं रंगवायला लागला. मुलतानचा जन्म, फाळणीत घर सुटलेलं. अक्षरशः देश तुटताना पाहिलेला हा माणूस पुढं मुलांसाठी एकतेची चित्रं काढणार होता.

देशाची स्थिती काय होती? १९५६ मध्ये भाषावार प्रांत झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, पण बेळगाव, कारवार, निपाणी आजच्या कर्नाटकातच राहिले. कोल्हापूरच्या सीमेवर हे दुखणं रोजचं होतं. अनेकांची सोयरीक आणि बाजारहाट रेषेच्या पलीकडं. १९६५ साली मद्रास राज्यात हिंदीविरुद्ध आंदोलन पेटलं. दंगलींनी हैराण झालेल्या सरकारनं राष्ट्रीय एकात्मता परिषद नेमली होती. १९७४ साल उजाडलं ते गुजरातच्या नवनिर्माण आंदोलनानं. मग बिहार, मे महिन्यात रेल्वेचा संप. मोठी माणसं एकमेकांशी कशी वागतात हे मुलं रोज पाहत होती, आणि एकता हा शब्द त्यांना फक्त नागरिकशास्त्राच्या पुस्तकात भेटत होता.

जगात दुसरीकडंही हाच विचार चालू होता. अमेरिकेत नोव्हेंबर १९६९ मध्ये 'सेसमी स्ट्रीट' सुरू झालं. बाहुल्या, माणसं, मधूनमधून हलती चित्रं, आणि एकाच गल्लीत गोरी-काळी मुलं शेजारी शेजारी. पुढच्याच वर्षी मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक टीव्ही मंडळानं तो कार्यक्रम दाखवायला नकार दिला. सगळ्या वर्णांची मुलं एकत्र दिसतात हे त्यांना खपलं नाही. गवगवा झाल्यावर तो निर्णय मागं घ्यावा लागला. तीन-चार वर्षांच्या पोरांच्या कार्यक्रमावरून सरकारी समितीची झोप उडते, यावरून कळतं की लहान मुलांच्या पडद्यावर कोण दिसतं ही बाब किरकोळ नसते.

आपल्याकडं हे काम एका मराठी बाईंनी हाती घेतलं. विजया मुळे, जन्म मुंबईचा, १९२१ चा. लग्नानंतर पाटण्याला गेल्या, इंग्लंडमध्ये लीड्सला शिक्षणशास्त्र शिकल्या, परत येऊन पाटण्याला फिल्म सोसायटी चालवली, मग केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यात आल्या. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या. मुलांना शिकवायचं म्हणजे काय, हे ठाऊक असलेली व्यक्ती दिग्दर्शक होती, म्हणून ही फिल्म उपदेशाच्या खड्ड्यात पडली नाही. चित्रांचं काम भीमसेन यांच्याकडं, संगीत वसंत देसाईंचं. गाणाऱ्यांत एक मुलगी होती जेमतेम पाच वर्षांची, दाभोळची साधना घाणेकर. पुढं साऱ्या देशाला ती साधना सरगम म्हणून माहीत झाली.

त्या काळी हे काम कसं होई ते एकदा डोळ्यांसमोर आणा. आधी गाणं आणि संवाद ध्वनिमुद्रित करायचे, कोणता शब्द कितव्या चौकटीवर येतो याचा तक्ता करायचा. मग खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर पेन्सिलीनं चित्र, त्यावर पारदर्शक सेल ठेवून शाईनं रेघ, सेल उलटा करून पाठीमागून रंग. वाळला की रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून वर टांगलेल्या कॅमेऱ्यानं एक-दोन चौकटी टिपायच्या, सेल बदलायचा, पुन्हा टिपायच्या. सेकंदाला चोवीस चौकटी. सात मिनिटांच्या दहा हजारांवर चौकटी होतात. दोन चौकटींना एक चित्र धरलं तरी पाच हजारांचा हिशेब. चिमणीनं एकदा पंख उचलून खाली घ्यायचे तर त्यात कुणाची तरी अर्धी दुपार गेलेली असे.

गोष्ट अगदी साधी. मुलं बागेत खेळतायत. 'अनेक' म्हणजे काय, असं एक लहानगा ताईला विचारतो. सूर्य एक, तारे अनेक, इथून सुरुवात करून ताई खारी, फुलपाखरं दाखवत चिमण्यांच्या गोष्टीवर येते. दाणे टिपायला उतरलेला थवा पारध्याच्या जाळ्यात सापडतो. त्यांतली एक शहाणी चिमणी सगळ्यांना एकदम उडायला सांगते. जाळ्यासकट थवा उडतो आणि उंदीरमित्रांकडं जातो. उंदीर जाळं कुरतडतात. पंचतंत्रातल्या चित्रग्रीव कबुतराची आणि हिरण्यक उंदराची ही कथा आपण सर्वांनी आजीकडून ऐकली आहे. गोष्ट संपल्यावर पोरं विचारतात, एक झालो तर झाडावरचे आंबे काढता येतील का? येतील, पण युक्ती करावी लागेल, असं ताई म्हणते. आणि आंबे खाली येतात. मग ते गाणं: वेश, भाषा, धर्म, फुलं, पाखरं, नद्या, सगळी वेगवेगळी आणि सगळी एकत्र.

मला या मांडणीतलं मोल हे वाटतं की 'एक'च्या आधी 'अनेक' येतं. मूल पहिला प्रश्न विचारतं तो अनेकाबद्दल. चिमण्या एकसारख्या होत नाहीत, फक्त एका क्षणी एकदम पंख मारतात. शिवाय सुटका चिमण्यांच्या हातून पुरी होत नाही. ती दुसऱ्याच जातीच्या प्राण्यानं, उंदरानं, पुरी केली. सहा-सात वर्षांच्या पोराला हे शब्दांत सांगता येत नाही, पण चित्रातून ते आत उतरतं. फिल्मला सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वसंत देसाई मात्र तिची लोकप्रियता पाहायला राहिले नाहीत. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात ते गेले.

त्याच वर्षी १ ऑगस्टला 'साईट' प्रयोग सुरू झाला होता. अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत वर्षभर टीव्ही दिसला. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, हिंदी, कन्नड, उडिया आणि तेलुगू या चार भाषांत. मुलांच्या या कार्यक्रमांची मोठी जबाबदारी विजयाबाईंवरच होती, शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राच्या प्रमुख म्हणून. खेड्यातल्या मुलाला टीव्हीवर त्याच्या भाषेत, त्याच्या ओळखीच्या अंगणातलं काही दिसलं पाहिजे, हा या प्रयोगातला आग्रह. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटकातला विजापूर जिल्हा होता. म्हणजे टीव्ही आमच्या सीमेपर्यंत आला आणि थांबला.

कोल्हापूरच्या घरांत टीव्ही आला तो १९८० च्या दशकात. १९८२ च्या एशियाडनं रंग आणले, १९८४ च्या सुमारास देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली. पेठांतल्या वाड्यांत ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी गल्लीतली सगळी पोरं. चपला उंबऱ्याबाहेर, पोरं जमिनीवर मांडी घालून, मागं बायका, खिडकीला लोंबकळणारे आणखी चार जण. कार्यक्रमांच्या मधल्या जागेत ही फिल्म लागायची आणि पोरं गाणं उचलायची. चाल मुळातच समूहानं म्हणायची, त्यामुळं घर लगेच शाळेच्या मैदानासारखं व्हायचं. कोल्हापुरातून पन्नास वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एक सूर अशा रीतीनं कोल्हापुरात परत आला.

आता तिच्यातल्या उणिवाही सांगायला हव्यात, नाहीतर हे नुसतं स्मरणरंजन ठरेल. अनेक भाषांचं कौतुक करणारी ही फिल्म आमच्यापर्यंत आली ती हिंदीत. मुलांनी हिंदी आनंदानं उचलली हे खरं, पण मराठी, कोकणी किंवा बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणाऱ्या पोरानं पडद्यावर आपल्या भाषेतला एक शब्दही ऐकला नाही. दुसरं असं की गाण्यातल्या माळेतली फुलं सारख्या मानाची असतात. गावातली माणसं नव्हती आणि नाहीत. कुणाला विहिरीवर येऊ देत नाहीत, कुणाची मुलगी चौथीनंतर घरी बसवली जाते, कुणाला पायानं अधू म्हणून खेळात घेत नाहीत, यातलं काहीच त्या बागेत नाही. तिसरी गोष्ट काळाची. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि एकतेचा घोष सरकारला सोयीचा झाला. फिल्म त्याआधीची, करणाऱ्यांच्या मनात तसं काही नव्हतं. पण सरकारी पडद्यावर एकता वारंवार दिसली आणि तक्रार कधीच दिसली नाही, हे नाकारता येत नाही.

तक्रार दिसायला आणखी पंधरा-वीस वर्षं लागली, आणि तीही आंब्यावरूनच. १९९० च्या दशकात युनिसेफनं दक्षिण आशियातल्या मुलींसाठी 'मीना' ही चित्रमालिका काढली. मीनाचं रूप घडवण्यात राम मोहन यांचा मोठा वाटा. बांगलादेश, भारत, नेपाळ, पाकिस्तान अशा चार देशांतल्या मुलींना ही आपली वाटली पाहिजे, म्हणून चेहरा, कपडे, घर यांची चित्रं गावोगावच्या मुलांना आणि आयांना दाखवून त्यांचं म्हणणं विचारलं गेलं. नावही असं की हिंदू घरातही चालेल आणि मुसलमान घरातही. मीनाला शाळेत पाठवत नाहीत, म्हणून तिचा मिठू पोपट शाळेच्या खिडकीत बसून धडा ऐकतो आणि तिला येऊन शिकवतो. ती आकडे शिकते, कोंबड्या मोजते आणि एक कमी भरते तेव्हा चोर सापडतो. दुसऱ्या एका भागात घरी आंबा वाटला जातो आणि मोठा तुकडा तिच्या भावाच्या, राजूच्या, वाट्याला येतो. मग बहीणभाऊ एक दिवस आपापली कामं आणि ताटं बदलून पाहतात. दिवसभर राबून राजूच्या पोटात कावळे ओरडायला लागतात, तेव्हा त्याला वाटणीचा अर्थ समजतो.

विजयाबाईंच्या मुलांनी एकीनं आंबा झाडावरून काढला होता. मीनानं विचारलं, काढलेला आंबा वाटायचा कसा? लहान मुलांच्या पडद्याचा दोन दशकांतला प्रवास या दोन आंब्यांत मावतो. आणि दुसरा प्रश्न कोल्हापूरला नवा नव्हता. १९०२ चा हुकूम वाटणीचाच होता.

मराठीत काय झालं? १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. सरकारी संस्था, प्राथमिक शाळेच्या मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम करणारी. ते दूरदर्शनवर सकाळी लागत. खेड्यातल्या शाळेच्या एका खोलीत, खिडक्यांना चादरी लावून, तीन इयत्तांची पोरं एकत्र ते पाहत. अभिरुचीच्या दृष्टीनं त्यांत डावं-उजवं होतं, पण भाषा आपली होती, शिवार आपलं होतं. २०१७ मध्ये ती बंद झाली. तोवर खासगी वाहिन्या येऊन वर्षं लोटली होती आणि आमची मुलं दुसऱ्या देशांतल्या घरांची, दुसऱ्या भाषांतल्या गल्ल्यांची चित्रं भाषांतरित आवाजांत पाहत होती. 'छोटा भीम'नं २००८ पासून देशी धोतर पडद्यावर आणलं, हे चांगलंच झालं. पण ढोलकपूर कुठल्या राज्यात आहे, तिथं कुठली नदी वाहते, हे कुणी सांगू शकत नाही.

विजयाबाई २०१९ मध्ये, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. भीमसेन त्याच्या आदल्या वर्षी. २००२ साली मुंबईच्या माहितीपट महोत्सवात विजयाबाईंना जीवनगौरव मिळाला, तो व्ही. शांताराम यांच्या नावाचा. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं.

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या आसपास कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांवर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बैलगाड्या, पालं, आणि पालांत मुलं. त्यांची मराठी आमच्या मराठीहून वेगळी, बंजारा घरांतली तर बोलीच वेगळी. चार-पाच महिने ही मुलं आमच्या शिवारात राहतात आणि गाळप संपलं की निघून जातात. कुठल्याही कार्टूनमध्ये त्यांच्यासारखं पोर मी आजवर पाहिलेलं नाही. कोल्हापुरात आजही कलानिकेतन आहे, दळवीज आर्ट आहे, जलरंगात नदीचा घाट हुबेहूब उतरवणारी पोरंपोरी आहेत, आणि सेल रंगवत बसायची गरज राहिलेली नाही. एका संगणकावर काम होतं. बाबूरावांकडं कॅमेरासुद्धा नव्हता. या मुलांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यांना माझी विनंती आहे: या हंगामात वही घेऊन जवळच्या फडावर जा, पालातल्या पोरांशी बोला, त्यांची गोष्ट त्यांच्याच बोलीत ऐका, आणि सात मिनिटांची एक फिल्म करा.